चवीची वही

पांढरटेकडी (केळझरजवळ)
८ जुलै २०२५

ती. देवका आत्याले जय भीम.

फोनवर तुले ऐकू येत नाई आणि मोबाईलवरची अक्षरं तुले मुंग्यांवानी दिसतात, म्हणून मोठ्या अक्षरात कागदच लिहिते. नागसेन कामाले वर्ध्याले जातो, तो जाताजाता नालवाडीत तुझ्या घरी देऊन जाईन. उत्तरही त्याच्याच हाती पाठवजो.

बातमी अशी, की तुझी भाची गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली. हसू नको. अध्यक्ष पालकांमधूनच निवडावा लागतो. आजवर तो वरच्या आळीतल्या बापूजींच्या घरचाच असायचा. यंदा त्यांची शेवटची नातही शहरातल्या शाळेत गेली, म्हणून घरात पालकच उरला नाई. बापूजी स्वतः समितीत शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून आहेतच. त्यांनीच सभेत माझं नाव सुचवलं. म्हणाले, दिपाली बारावी शिकली आहे, सही सुंदर करते. मले तेवढ्यासाठीच निवडलं हे समजायले बारावीही लागत नाई.

मग मी हेडमास्तरांले, म्हणजे विवेक सरांले, विचारलं की माझं काम काय? ते म्हणाले, भिंतीवर कागद लावला आहे. भिंतीपुढे कपाट होतं. मी आणि माझ्या स्वीटीनं मिळून कपाट सरकवलं. कागदावर सातवं काम लिहिलं आहे: शिजलेलं अन्न मुलांले द्यायच्या आधी सदस्यांनी चाखायचं आणि चव नोंदवहीत अभिप्राय लिहायचा. मी गेल्या वर्षीची वही काढली. पानोपान एकच शब्द, उत्तम. पूर्ण महिना एकाच बैठकीत लिहून काढलेला, शेवटी शेवटी पेनातली शाई संपून राह्यलेली दिसते.

आता मी रोज जाते, वाटीत घेते, खाते आणि लिहिते. सर म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका मॅडम. पण मी घेतलं आहे.

घ्यायचं कारणही आहे. आधीची स्वयंपाकीण पोराकडे बुटीबोरीले राह्यले गेली. जूनमध्ये तिच्या जागी सखू लागली. नाल्यापलीकडच्या टोला-वस्तीवरची, गोंड आहे. तिचे दोन पोट्टे याच शाळेत आहेत. हे काम आहे म्हणून ती यंदा नवऱ्यामागं मजुरीले बाहेर गेली नाई. ती आली त्या दिवसापासून वरच्या आळीतले अकरा पोट्टे घरून डबा आणतात. विचारलं तर म्हणतात, चव नाई. आत्या, त्यांनी एक घासही खाल्ला नाई. मले लय राग येते.

तुझी,
दिपाली

नालवाडी
१५ जुलै

दिपालीले आशीर्वाद.

कागद भेटला. जावई चहा न घेताच गेला, त्याले सांगजो की मी रागावली आहो.

तू अध्यक्ष झाली, बरं झालं. आता माझं ऐक. त्या वहीत उत्तम लिहून टाक आणि घरी जा. तिथं दुसरं काही लिहायची रीतच नाई. सारे तसंच करतात आणि कोणाचं काही बिघडत नाई. तुले कोणी गावाचा न्याय करायले बसवलं नाई. आपल्या वस्तीतली बाई अध्यक्ष झाली की पहिले तिची चूक शोधतात, मग तिचं काम पाहतात. तू त्यांले आयतं हातात देऊन राह्यली.

त्या सखूचं मले वाईट वाटते. पण वाईट वाटून काय होते.

तुले माहीत आहे, मी तळेगावकडे एका गावात चार वर्षं शाळेचा स्वयंपाक केला. तू तेव्हा लहान होती. तो विषय काढू नको.

गुडघे आहेत तसेच आहेत. स्वीटीले बोरकूट पाठवतो.

तुझी आत्या,
देवका

पांढरटेकडी
२ ऑगस्ट

ती. आत्याले जय भीम.

तुझा कागद वाचून मी दोन दिवस फुगून होती. आपल्या आत्यानं असं लिहावं? तूच मले शाळेत असताना सांगत होती की मान खाली घालून चालू नको, ठेच लागते.

तरी तुझं एक ऐकलं. उत्तम लिहिते. पण खाऊन लिहिते. आणि ते लिहायचं कारण आता वेगळंच झालं आहे, ते सांगते.

बापूजींचं माणूस त्या जागेवर बसवायचं ठरलं आहे. कोणती बाई तेही गावाले माहीत आहे. सखूले काढायचं तर कारण पाहिजे, आणि कारण लिहायले वही आहेच. मग काय, ज्या सदस्यांनी पाच वर्षांत स्वयंपाकाच्या खोलीत पाय ठेवला नाई ते आता येतात, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहतात, सरांकडून वही मागवतात आणि लिहितात. अळणी. अळणी. डाळ अळणी. बापूजींचा पुतण्या रोशन, ग्रामपंचायतीकडून समितीत आलेला, तो तर मोटारसायकलवरून उतरत पण नाई, टाकीवर वही ठेवून लिहिते. वाईट अभिप्राय भरपूर जमले की समितीची बैठक घ्यायची आणि सखूले काढायचा ठराव करायचा, असं बापूजींनी सरांले सांगून ठेवलं आहे. सर बिचारे बदलीले भितात, ते मान हलवतात.

पण परवाची गोठ ऐक. बुधवारी गॅस संपला. सिलिंडर आलंच नाई. पोट्ट्यांले केळी आणि चुरमुरे देऊन वेळ भागवली. चूल पेटलीच नाई, आत्या. आणि वहीत रोशनची सही, तीस जुलै, खिचडी अळणी. मी ते पान सरांपुढे धरलं. सर म्हणाले, सोडून द्या मॅडम. मी सोडलं नाई. पानाचा फोटो काढून ठेवला.

आता त्यांच्या प्रत्येक अळणीखाली मी उत्तम लिहिते. त्यांच्या अक्षरापेक्षा मोठं. ते बारीक लिहितात, मी दोन ओळी घेते. उपाध्यक्ष भावना, ती वरच्या आळीतलीच पण मनानं बरी आहे, तिनं मले विचारलं की रोजच कसं उत्तम असते? मी म्हणलं, तुम्ही रोज अळणी लिहिता तसंच. मले लय बरं वाटलं.

सखू मले वाटी भरून देते आणि खोलीमागं निघून जाते. मी खात असताना समोर थांबतच नाई. तूही तशीच करते, आठवते का? आम्ही तुझ्याकडे जेवायले बसलो की तू वाढते आणि आत जाऊन बसते. लहानपणी मले वाटायचं, आत्याले आपण आलेले आवडत नाई.

तुझी,
दिपाली

नालवाडी
१० ऑगस्ट

दिपाली,

गॅसची गोठ वाचून मी एकटीच हसली. शेजारीण पाहायले आली की म्हातारी काऊन हसून राह्यली.

फोटो जपून ठेव. सांभाळून राह्य. तुझ्या एका सहीवर तिचे दोन पोट्टे शाळेत आहेत, हे ध्यानात ठेवजो.

एक विचारतो. रोज उत्तम कशी होईन कोणाची डाळ? माझी होत नव्हती. डाळ जुनी असली की शिजत नाई, पाऊस असला की मसाला ओलावते, आपलं डोकं ठिकाणावर नसलं की हात चुकते. त्यांले चिडवायसाठी तू उत्तम लिहून राह्यली असशीन तर ते मले बरोबर वाटत नाई. मीच तुले उत्तम लिही म्हणलं होतं, ते खरं. तेव्हा मी रागात होती. कोणावर ते विचारू नको.

अजून एक. सखू रांधताना हातावर घेऊन चाखते का? तिले विचारजो.

देवका

पांढरटेकडी
२३ ऑगस्ट

आत्या,

आज तान्हा पोळा. स्वीटी मातीचा बैल सजवून बाहेर गेली आहे, म्हणून घरात शांत आहे. मी रडून घेतलं, आता लिहिते.

तू विचारलं होतं की सखू चाखते का. मी ते मनावरच घेतलं नाई. घ्यायले पाहिजे होतं.

बुधवारी, वीस तारखेले, मी शाळेत गेली तर बापूजी, रोशन आणि अजून दोघं जण आधीच व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेले. पोट्टे जेवणाबद्दल काय बोलतात ते त्यांच्या कानावर गेलं असन. सखूनं मले वरण-भात दिला. मी पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरले. मीठ. डाळ नाई, नुसतं मीठ. पोट्टे ताटं घेऊन बसलेले. चौघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. बापूजी म्हणाले, लिहा अध्यक्षबाई, काय लिहिता?

उत्तम लिहिलं असतं तर पोट्ट्यांले ते खाऊ घालावं लागलं असतं. खारट लिहिलं तर सखूचं काम गेलं. मग मी लिहिलं. डाळ खारट आहे, मुलांना देऊ नये. पूर्ण नाव टाकून सही केली. बापूजींनी वही हातात घेऊन वाचली आणि तीस तारखेची बैठक लावा म्हणून सरांले सांगितलं. जाताना मले म्हणाले की शेवटी खरं लिहिलं तुम्ही.

मी डाळ फेकायले लावली. सखूनं दुसरी चढवली, पाऊण तासानं पोट्टे जेवले. मग मी खोलीमागं गेली आणि पहिल्यांदा तिले विचारलं की बाई, असं कसं झालं?

तिनं काय सांगितलं ते तसंच लिहिते. ती रांधताना चाखत नाई. तिच्या मायनं शिकवलं आहे की जेवणाऱ्याच्या आधी अन्नाले बोट लावायचं नाई, पोट्ट्यांचं अन्न उष्टं करायचं नाई. मग मीठ कसं समजते? तर ती रोज सांजच्याले सरांकडून वही वाचून घेते. सर वाचतात, ती ऐकते. जुलैत रोज अळणी, अळणी. तिनं मीठ वाढवलं. पुन्हा अळणी. पुन्हा वाढवलं. आत्या, तिनं त्या वहीवर विश्वास ठेवला. साऱ्या गावात त्या वहीवर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

मी म्हणलं, पण मी तर रोज उत्तम लिहीत होती. तर ती म्हणाली, "तुम्ही तर पहिल्या दिवसापासून उत्तमच लिवता, बाई. त्यातून मले काय समजन? ते लोक काहीतरी सांगून तर राह्यले होते."

आता खरं सांगते. ऑगस्ट लागल्यापासून मले डाळ खारट लागत होती. आधी थोडी, मग जास्त. स्वीटी घरी येऊन दोन-दोन गिलास पाणी प्यायची. मले माहीत होतं. पण खाली खारट लिहिलं तर बापूजींले पाहिजे तेच होईन, म्हणून मी उत्तम लिहीत राह्यली आणि त्यालेच हिंमत समजत राह्यली. एक दिवस जरी मी खरं लिहिलं असतं तर सखूनं दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं असतं. त्यांनी खोटं लिहिलं, आणि मीही खोटंच लिहिलं. चाखायचं काम माझं होतं.

तीस तारखेले काय करू ते सुचत नाई.

दिपाली

नालवाडी
२७ ऑगस्ट

दिपाली माय,

रडू नको. रडून झालं असन तर हे वाच. मी हे कधी कोणाले सांगतलं नाई, तुझ्या बापालेही नाई.

त्या गावात मले स्वयंपाकाले लावलं तेव्हा वरच्या आळीतल्या लोकांनी भांडण केलं नाई. काहीच केलं नाई. त्यांचे पोट्टे डबा आणत होते, आपले पोट्टे माझ्या हातचं खात होते. अध्यक्ष रोज यायचा. व्हरांड्यात बसायचा, वही मागायचा, उत्तम लिहायचा, जायचा. चार वर्षं. एकदाही त्यानं वाटी मागतली नाई. मास्तरांनी नाई. तपासणीचा साहेब आला, त्यानं वही चाळली आणि म्हणला, बाई, तुमच्या हाताले चांगली चव आहे. वही वाचून म्हणला तो. त्याच्यासाठी अध्यक्षाच्या घरून डबा आलता.

मले रोज वाटायचं की आज कोणी म्हणन, देवका, मीठ जास्त झालं. म्हणजे खाल्लं तरी असं समजन. आपले पोट्टे लहान होते, भुकेचे होते, ते काय सांगणार.

मग एक दिवस त्यांनी काम दुसऱ्यांले दिलं. मी म्हणलं, वहीत तर रोज उत्तम लिहिलं आहे. तर ते म्हणले, वहीचं काय घेऊन बसली.

त्या उत्तमनं माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं कोणाच्या शिवीनं नसतं केलं. तेव्हापासून मी कोणाले वाढून समोर थांबत नाई. भाजी कशी झाली ते विचारायची हिंमत होत नाई. तुम्ही आलेले मले आवडत नव्हते असं नाई, माय. तुम्ही उत्तम म्हणसान याचंच भेव वाटे.

आता तीस तारखेचं. तू खारट लिहिलं ते बरोबर लिहिलं. त्या एका ओळीनं तू सखूचं अन्न खाल्लं हे सिद्ध झालं. तेच धरून बस. पहिले तुझी चूक वाच, मोठ्यानं वाच, मग त्यांची. आणि घाबरू नको. घाबरली तरी उभी राह्य.

देवका

पांढरटेकडी
१ सप्टेंबर

आत्या,

तुझा कागद मी बैठकीले पदराच्या गाठीत बांधून नेला होता.

बारातले नऊ सदस्य आले. मी सखूले बोलावलं. रोशन म्हणाला, ती सदस्य नाई. मी म्हणलं, गोठ तिची आहे, ती दारात बसन. ती दारात बसली.

बापूजींनी सुरुवात केली. अध्यक्षांनीच खारट लिहिलं आहे, आता चर्चा कशाची, सर, ठराव लिहून घ्या. सरांनी पेन उघडलं.

मी वही उघडली. आधी माझी पानं वाचली. एक ऑगस्ट, उत्तम, हे खोटं आहे, डाळ खारट होती. चार ऑगस्ट, उत्तम, खोटं. अशी एकेक तारीख वाचून सांगितली. सारे एकमेकांकडे पाहू लागले, त्यांले वाटलं मीच स्वतःले काढून राह्यली. भावनानं माझा हात धरला, म्हणाली बस झालं ताई. मी थांबली नाई. माझं झाल्यावर त्यांचं वाचलं. अळणी, अळणी, अळणी. तीस जुलै, खिचडी अळणी, त्या दिवशी गॅस नव्हता आणि खिचडी नव्हती. मग सखू मीठ कशी टाकत होती, कोणाचं ऐकून टाकत होती, ते सांगितलं. आणि म्हणलं, "डाळ खारट होती. मीच लिहिलं, ते मी मागं घेत नाई. पण ती खारट काऊन झाली तेही ठरावात लिहा. लिहिणाऱ्यांच्या नावासकट लिहा. पहिलं नाव माझं."

बापूजी मले समजावल्यावानी म्हणाले की वही अशीच असते बाई, ती कोणी वाचत नाई.

दारातून सखू बोलली. तीन महिन्यांत ती समितीपुढे पहिल्यांदा बोलली. "मी वाचून घेत होती ना, बापूजी. रोज."

विवेक सरांनी मान खाली घातली. मग सावकाश म्हणाले की वाचून दाखवणारा मी होतो, आणि ते खोटं आहे हे मले माहीत होतं. त्यांनी ते बैठकीच्या वृत्तांतात स्वतःच्या हातानं लिहिलं. भित्रा माणूस, पण लिहिलं.

मग मी माझा ठराव मांडला. सखू कामावर राहीन. समितीतल्या प्रत्येकाले चाखायचा एक दिवस. खोलीबाहेरून नाई, पोट्ट्यांच्या पंगतीत बसून, त्यांच्याच भांड्यातलं. जो जेवन तोच लिहीन. वहीचं पेन अध्यक्षाजवळ राहीन. आणि उत्तम हा शब्द या वहीत बंद. काय बरं झालं, काय चुकलं, ते लिहायचं, म्हणजे करणारीले समजन.

बापूजी म्हणाले, हे नियमात नाई. मी म्हणलं, भिंतीवर सातव्या ओळीत आहे, कपाट मी सरकवून ठेवलं आहे, पाहून घ्या. त्यांनी सांगितलं की ते पंचायत समितीत तक्रार करतीन. मी म्हणलं, करा, तक्रारीसोबत वहीची नक्कल मीच देते. हात वर करायची वेळ आली तेव्हा सहा हात वर झाले. त्यातला एक भावनाचा होता.

सखूनं तेव्हाच पंगत वाढली. बापूजी उठले, म्हणाले आज मले उपास आहे. मी म्हणलं, चालते, ज्या दिवशी उपास नसन त्या दिवशी या, तोवर पेन माझ्याजवळ आहे. ते गेले, रोशनही गेला. बाकीचे बसले. भावना शेवटी बसली. पहिला घास तिनं कसा घेतला ते मी पाह्यलं, तिलेही सोपं नव्हतं. तिच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असन ते मी विचारलं नाई. पण सारं ताट संपवून तिनं पेन मागितलं आणि लिहिलं, हळद जास्त पडली, मीठ बरोबर, भात मोकळा.

सरांनी ते सखूले वाचून दाखवलं. ती म्हणाली, अजून एकदा वाचा. सरांनी दोनदा वाचलं. हळद जास्त, ऐकून ती अशी हसली की मले तू आठवली.

वरच्या आळीतल्या अकरापैकी चारच पोट्टे आज पंगतीत आहेत. बाकीचे डबाच आणतात. आणू दे. माझी अध्यक्षपदाची दोन वर्षं आहेत आणि मले घाई नाई.

दिपाली

नालवाडी
७ सप्टेंबर

दिपाली,

येत्या शनिवारी सकाळच्या बसनं केळझरले उतरतो. जावयाले घ्यायले पाठवजो.

सोबत डबा आणतो. आलू-वांग्याची भाजी. त्या शाळेत करायचो तशीच, त्याच मसाल्याची. तू, सखू, ते सर, ती भावना, जो बसन त्याले देजो. मी समोर बसन. उठून जाणार नाई.

मले ऐकू येत नाई हे तुले माहीत आहे. म्हणून लिहून घेजो. सांगून ठेवतो, उत्तम लिहिलं तर पुन्हा तुझ्या दारात येणार नाई.

देवका

पांढरटेकडी
१४ सप्टेंबर

ती. आत्याले जय भीम.

काल सारे एकाच वेळी बोलून राह्यले होते आणि तू नुसती साऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. कोण काय म्हणते ते तुले समजत नव्हतं आणि बसची वेळ झाली. म्हणून चव नोंदवहीतल्या कालच्या पानावरचे थोडे अभिप्राय आहे तसे उतरवून पाठवते. डबा घासून सोबत दिला आहे.

दि. १३ सप्टेंबर २०२५. पदार्थ: आलू-वांग्याची भाजी. करणार: देवकाबाई, नालवाडी.

सखू (सांगितलं, सरांनी लिहिलं): बुडाशी थोडी लागली. आच मोठी होती. मसाला मले शिकवा.

भावना: आमच्यापेक्षा तिखट. नाकातून पाणी आलं. दुसऱ्यांदा घेतली.

विवेक सर: वांगं छान शिजलं, आलू दोन-तीन कच्चे. रस्सा अजून हवा होता.

स्वीटी, इयत्ता तिसरी: मले वांगं आवडत नाई. आलू खाल्ले.

दिपाली: मीठ जरासं कमी. पोळीसोबत चांगली लागली, भातासोबत नाही. लहानपणी तुझ्याकडे खाल्ली होती तीच चव आहे, तेव्हा सांगायचं राहून गेलं.

एकूण चाखणारे: सतरा. उत्तम कोणीच लिहिलं नाई.

तुझी,
दिपाली